पाव्हण्यांनी फायनल कशी पाहावी

ही मार्गदर्शिका हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतल्या अशा सज्जनांसाठी आहे, ज्यांची बहीण, मुलगी किंवा मेहुणी कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत दिलेली आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. फक्त त्यांच्या पोटात गोळा येणार नाही, आणि गोळा आल्याशिवाय फायनल कळत नाही.

आधी आपली अडचण समजून घेऊ. आपल्याकडे मैदान म्हटलं की रामलीला मैदान, आणि रामलीला मैदान म्हटलं की दसरा. लोक लांबलांबून येतात, पाळण्यात बसतात, पोरं हरवतात, सापडतात, आणि शेवटी रावण जळतो. दरवर्षी जळतो. यंदा कोण जिंकतं की काय, या काळजीनं घरून निघालेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे आपल्याला गर्दीची सवय आहे, निकालाची नाही. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर नेमकं उलटं. तिथं रावण कोण, हे तुम्ही कुठल्या पायरीवर बसलात यावर ठरतं. आणि पायरी तुम्ही निवडत नाही. ती सोयरीक जुळली त्याच दिवशी ठरून गेलेली असते.

माझंच सांगतो. माझे साडूभाऊ मंगळवार पेठेतले. म्हणून मी पाटाकडील तालमीचा. याबाबत मला कुणी विचारलं नाही.

पायरी पहिली: गाडीत बसणे

नागपूर–कोल्हापूर एक्स्प्रेस आठवड्यातून दोनदा हिंगोली डेक्कन स्टेशनवरून जाते. आरक्षण वेळेत करा. डब्यात ‘फुटबॉल बघायला चाललो’ असं चुकूनही बोलू नका. ही गाडी पंढरपूरला थांबते, आणि आपण पडलो नर्सीच्या नामदेवांच्या जिल्ह्यातले. त्यामुळे तुम्ही पंढरपूरला उतरणार हे सहप्रवाशांनी पूर्णा यायच्या आतच ठरवलेलं असतं. पंढरपूर आलं आणि तुम्ही जागचे हलला नाहीत, की समोरची आजी तुम्हाला हलवते. ‘बाप्पा, आलं की पंढरपूर!’ अशा वेळी ‘अंबाबाईला चाललो’ म्हणा. ते खोटं ठरणार नाही. फायनलच्या दिवशी सकाळी साडूभाऊ तुम्हाला तिथं नेतातच, आणि काय मागायचं तेही सांगून ठेवतात.

पायरी दुसरी: वार ओळखणे

कोल्हापुरात आठवडा जमिनीवर अंथरलेला आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळ्यांच्या पेठा. ‘मंगळवार आणि रविवार भिडणार’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दोन गावांचा आठवडी बाजारावरून वाद लागलाय. तसं नव्हतं. मंगळवार पेठेतलं पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम, आणि रविवार पेठेतलं दिलबहार तालीम मंडळ, यांची गाठ पडणार होती. पाटाकडील यातला पाट म्हणजे पाण्याचा पाट. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाटाशी त्याचा संबंध नाही, आणि जेवायला बसायच्या पाटाशी तर नाहीच. मी विचारून पाहिलं आहे, तुम्ही विचारू नका.

हे दोनच संघ आहेत असं मात्र समजू नका. शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, जुना बुधवार, संध्यामठ आहेत. नवशिक्यानं सगळे पाठ करायला जाऊ नये. आपला एक आणि समोरचा एक, एवढ्यावर संसार चालतो.

तालीम म्हटल्यावर तुम्हाला लाल माती आठवली असेल तर तुमचं चुकलेलं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला हात दिला, पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या, १९१२ साली खासबागचं कुस्त्यांचं मैदान उभं राहिलं. फुटबॉल आला तो या तालमींच्याच उंबऱ्यात. थोरल्या भावाकडे शिकायला म्हणून राहायला आलेला धाकटा जसा पुढं घरच चालवायला लागतो, तसं झालं. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिला सगळे केएसए म्हणतात. हिवाळ्यात लीग सुरू होते, ऊन तापायला लागलं की बाद पद्धतीचे चषक. बऱ्याच चषकांना पुढाऱ्यांची नावं असतात. म्हणून ‘कुठला चषक?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी निवडणुकीच्या बातमीसारखं ऐकू येतं.

थोरल्या भावाचा एक गुण धाकट्यानं सोडलेला नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली की कोल्हापूरच्या माणसाला आपण फसवले गेलो असं वाटतं. पाठ कुणाची तरी मातीला लागलीच पाहिजे.

पायरी तिसरी: नियम (थोडक्यात, कारण साडूभाऊ पुन्हा सांगणारच आहेत)

गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. म्हणजे बऱ्यापैकी ऐपतीच्या लग्नमांडवाची कमान. एवढ्या मोठ्या दारातून एवढासा बॉल आत का जात नाही, याचं पहिल्या दिवशी नवल वाटतं. पुढंही वाटत राहतं.

पिवळ्या कार्डाबद्दल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पिवळं काय असतं ते आपण जगाला सांगू. रेफ्रीनं पिवळं दाखवलं की पोराला हळद लागली असं समजावं. दुसऱ्यांदा लागली की लगेच लाल, आणि वरात मैदानाबाहेर. नवरा परत येत नाही, बदलीही मिळत नाही.

ऑफसाइडनं मात्र भल्याभल्यांची गाळण उडते. साडूभाऊंनी मला ते मिरचीच्या बरण्या मांडून समजावलं, कळलं नाही. शेवटी मी स्वतःच्या अनुभवावरून समजून घेतलं. लग्नात पहिली पंगत अजून ताक पितेय, आणि एखादा गडी वाढपी भाताची परात उचलायच्या आतच पुढच्या पंगतीची जागा धरून बसलाय. परात निघाली त्या क्षणी तो कुठं होता, एवढाच प्रश्न. पास सुटताना पुढे गेलेला खेळाडू आणि समोरचा गोल यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान दोघे हवेत, त्यात गोलकीपरही धरला. १९२५ पर्यंत तिघे लागायचे. तेव्हा गोल कसे होत असतील कुणास ठाऊक. बहुतेक लोक जेवूनच परत जात असतील.

हे सगळं पाठ केल्यावर विसरून जा. स्टेडियमवर एकच नियम चालतो: समोरच्याचा ऑफसाइड हा ऑफसाइड असतो, आणि आपला ऑफसाइड ही रेफ्रीची नजर असते.

पायरी चौथी: बसणे

सामना दुपारी चारच्या सुमाराला. दोनलाच निघा. वाटेत गाड्यांच्या पुंगळ्या, हलगी, गुलाल आणि झेंडे लागतील. खिशात मोबाईल, डोक्यावर टोपी, पायात न निसटणारी चप्पल. शर्टाचा रंग घरून विचारून घाला. मी पहिल्या वेळी आपला साधा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर तो नेमका समोरच्यांच्या रंगाचा निघाला. साडूभाऊंच्या धाकट्यानं, वय वर्षे १२, मला दारातून परत घरात ढकललं आणि त्याच्या बापाचा शर्ट दिला. तो मला पोटावर लागत नव्हता. ‘काका, बटणं नाही लागली तरी चालंल,’ तो म्हणाला, ‘ह्यो रंग नको.’

हा पोरगा म्हणजे या विद्येतले माझे गुरू. साडूभाऊ तापट आहेत, त्यांच्याकडून शिकता येत नाही.

घरातली परिस्थिती नाजूक असते, तेही ध्यानात ठेवा. साडूभाऊंच्या धाकट्या भावाची बायको रविवार पेठेतली. वर्षभर दोघी जावा एका ताटात जेवतील अशा. फायनलच्या आदल्या रात्री मात्र स्वयंपाकघरात फक्त भांडी बोलतात. अशा वेळी पाव्हण्यानं दोघींच्या हातचं खावं, दोन्हीला छान म्हणावं आणि मीठ कुठल्यात कमी आहे ते सांगू नये.

सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलात की भाषा बदलते. संघांची नावं कुणी घेत नाही. एक ‘आपली’ आणि एक ‘त्यांची’. आपली पोरं खेळतात, त्यांची लोळतात. आपल्याकडून चुकून पाय लागतो, त्यांच्याकडून मुद्दाम. ‘हाण’, ‘घाल’, ‘सोड की लेका’, ‘एकट्याचं हाय व्हय रं’ एवढं पुरतं. गोल झाल्यावर ‘नाद खुळा’ म्हणता येतं, पण हिंगोलीच्या तोंडी ते शोभत नाही. आपण नुसता आ वासावा, आवाज इतरांचाच एवढा असतो की चालून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाळी.

आपण शिकलेली माणसं. चांगलं दिसलं की टाळी वाजवतो. भजनाला वाजवतो, भाषणालाही वाजवतो. माझ्या पहिल्या फायनलला समोरच्या संघातल्या एका काटकुळ्या पोरानं कडेनं बॉल असा नेला की तिघं जागच्या जागी वळून पडले, आणि माझे हात आपोआप एकमेकांवर आपटले. एकदाच. आसपासच्या पन्नास माणसांनी बॉल सोडून माझ्याकडं पाहिलं. बॉल बाहेर गेला तरी बघतच होती. शेवटी माझा गुरू उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘पाव्हणं हायत. हिंगोलीचं.’ त्यानं ते ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात आपण ‘ऐकू कमी येतं त्यांना’ असं सांगतो. लोकांनी मला क्षमा केली. पुढं मला शेंगाही मिळाल्या. पण तटस्थ माणसाला त्या पायऱ्यांवर जागा नाही, हे मला तेव्हा कळलं. खेळ बघायला आलेला माणूस तिथं संशयित असतो.

पायरी पाचवी: प्रश्नांना तोंड देणे

हाफटाइमला शेजारचा विचारेल, ‘तुमच्याकडं फुटबॉल हाय का?’ प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्यात थोडी कीव असते. तुम्ही गप्प बसलात तर तो पुढं सांगेल, की २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. ते खरंच आहे, मान डोलवा. पण लगेच हे सांगा.

मुंबईत १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं एकाच संघानं नेला: हैदराबाद सिटी पोलीस. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. ‘मैदान’ सिनेमात अजय देवगणनं त्यांचंच काम केलंय. आणि हिंगोली त्या काळात कुठं होती? हैदराबाद राज्यात! १९५६ पर्यंत. म्हणजे ते आपलेच पोलीस. कोल्हापूर आपल्या तालमींत घाम गाळत होतं तेव्हा आपण देश जिंकून बसलो होतो.

हे मी फार रंगवून सांगितलं. शेजारचे चार लोक खरोखर ऐकू लागले. मग माझ्या गुरूंनी विचारलं, ‘काका, त्यात हिंगोलीचा एकतरी होता का?’

दुसरा हाफ सुरू झाला होता, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

आणखी एक गोष्ट तिथंच बसून पाहिली. कोल्हापूरच्या संघांत अलीकडे बाहेरचे खेळाडू असतात, काही तर थेट आफ्रिकेतून, नायजेरियातून येतात. पहिल्या सामन्यात त्यांना ‘तो’ म्हणतात. दोन गोल घातले की त्यांचं बारसं होतं आणि ‘आपला’ होतात. पेठेतली बाई त्यांना विचारते, जेवलास का. मी वीस वर्षं या घरात येतोय, आहेर देतोय, आजारपणं काढतोय. अजून मी हिंगोलीचं पाव्हणं. नायजेरियाहून मंगळवार पेठ जवळ पडते, हिंगोलीहून लांब. यावर उपाय एकच, गोल घालणे, आणि माझं वय झालं.

पायरी सहावी: बंदोबस्त

पोलीस बरेच असतात. घाबरू नका, पण मस्करीतही घेऊ नका. पेपरात ‘ईर्षेनं खेळला गेलेला सामना’ असं येतं ते मैदानातल्या पोरांबद्दल. ‘हुल्लडबाजी’ असं येतं ते पायऱ्यांवरच्यांबद्दल. पहिली चव आहे, दुसरीनं ताट उलटतं. ज्याच्या हातात दगड किंवा बाटली दिसेल, तो कुठल्याच पेठेचा नाही असं मी धरून चालतो, आणि त्याच्यापासून चार पायऱ्या वर सरकतो. साडूभाऊंना हे भित्रेपणाचं वाटतं. वाटू दे.

तसं पाहिलं तर ही ईर्षा काही कोल्हापूरची एकट्याची नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात शंभर वर्षांची आहे. १८८८ पासून चाललेल्या ड्युरँड कपाच्या फायनलला ३ सप्टेंबर २०२३ रोजी हेच दोघं समोरासमोर आले, दुसऱ्या हाफात मोहन बागानचा एक खेळाडू दुसऱ्या हळदीनं बाहेर गेला, तरी दहा जणांत त्यांनी १–० नं जिंकलं. तिकडं म्हणे ईस्ट बंगाल जिंकली की घरात हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकली की कोळंबी. हे मला फारच सोयीचं वाटलं. निकाल वासावरून कळतो. कोल्हापुरात ती सोय नाही. जिंकले तर मटण, हरले तरी मटण. फरक एवढाच की हरल्यावर तांबडा रस्सा जरा जास्त तिखट लागतो, कारण कुणी बोलत नसतं.

पायरी सातवी: टायब्रेकर

९० मिनिटं झाली, बरोबरी सुटली नाही, की हा प्रकार. गोलपासून ११ मीटरवर बॉल ठेवायचा, गोलकीपर एकटा, मारणारा एकटा, दोन्हीकडचे पाच-पाच. वर्षभर वर्ग शिकवायचा आणि शेवटी पाच पोरांना एकेक पाढा विचारून शाळेचा निकाल लावायचा, तसं. शास्त्रीयदृष्ट्या यात न्याय किती आहे सांगता येत नाही, पण पाठ कुणाची तरी मातीला लागते.

नवशिक्यानं टायब्रेकर बघू नये. बघणाऱ्यांकडे बघावं. साडूभाऊ पाठ करून उभे राहतात आणि मला विचारतात, ‘गेला?’ शेजारचे गृहस्थ मुठीत काहीतरी धरतात. एकदा पाहिलं तर ते घराची किल्ली होती. गुरू मात्र डोळे उघडे ठेवतो, फक्त श्वास घेत नाही. आणि मला जाणवलं, मीही घेत नव्हतो. कमरेवरचा उघडा शर्ट, गुडघ्यावर शेंगांची टरफलं, आणि ज्या पोराचं नावही मला नीट माहीत नाही, त्यानं डावीकडं मारावं की उजवीकडं, यावर माझा प्राण टांगलेला. तो बॉल वरच्या आडव्या दांडीला लागला तो आवाज हलगी थांबल्यामुळे सगळ्या स्टेडियमला ऐकू आला.

गुरूनं माझा हात धरला. पाव्हण्याचा हात म्हणून नाही, जो जवळ होता तो धरला.

पायरी आठवी: घरी परतणे

हरलेल्या घरात फार दिवस राहू नये. परतीच्या गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवा. निघताना मेहुणी डबा देते, धाकटी जाऊही देते, आणि तिच्या डब्यात तुमच्या हातात न देता गुपचूप ठेवलेला एक पेढा जास्तीचा असतो. तो पंढरपूर गेल्यावर खा.

पहाटे हिंगोली डेक्कनला उतरलात की रिक्षावाला ओळखीचा असणार. आवाज बसलेला पाहून तो विचारेल, ‘काय झालं, सर?’ तुम्ही ठरवलेलं नसताना म्हणाल, ‘हरलो आपण.’

‘आपण? कोणाकडून?’

‘रविवारकडून.’

तो एकदा तुमच्याकडं बघेल, एकदा आभाळाकडं. ‘आज तं मंगळवार हाय, सर.’

‘मंगळवारच तर हरला,’ तुम्ही म्हणाल.

यावर तो काही बोलणार नाही. बॅग स्वतः उचलून आत ठेवेल, आणि घरी सोडल्यावर नेहमीपेक्षा दहा रुपये कमी घेईल.